बोहनीचा हात

सकाळी सातच्या आत आमचे हे आंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून उंबऱ्याशी चपला शोधायला लागायचे. गिरणी बंद पडून चार वर्षं होत आलेली. नोकरी नाही, धंदा नाही, पण घाई अशी की बघणाऱ्याला वाटावं, माणूस पहिल्या पाळीला निघालाय. मी भाकरी थापता थापता विचारायचे, "कुठे?" हे म्हणायचे, "अगं, खाली सगळे वाट बघतायत."

आणि खरंच वाट बघत असायचे. तोच तर माझ्या डोक्याला ताप होता.

घाटकोपरला भटवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरावर आमची चाळ. पायऱ्या उतरलं की गल्ली, आणि गल्लीत खाण्याचे तीन ठेले. तोंडाशी चंद्रप्रकाश भय्याची जिलेबी-कचोरी, मध्ये अनंताची वड्याची गाडी, आणि संध्याकाळी नळाजवळ सरूबाई कोळणीची कढई. ती ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून टोपली घेऊन यायची आणि बोंबील, मांदेली तळून विकायची. अनंता आमच्यातलाच, देवगडकडचा. तो आणि हे एकाच गिरणीत, एकाच खात्यात, कापड विणायच्या साच्यांवर होते. संप चिघळला तेव्हा अनंतानं हातपाय न गाळता वड्याची गाडी टाकली. पहिल्या दिवशी पहिला वडा ह्यांनी घेतला. मित्राची गाडी, मित्रच घेणार, दुसरं कोण घेणार? पण त्या दिवशी दुपार व्हायच्या आत अनंताची परात रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही वाकोल्याला साखरपुड्याला गेलो होतो, बोहनी भलत्याच कुणी केली, तर म्हणे घाण्यातले वडे फुटले आणि निम्मा माल पडून राहिला. झालं! अनंतानं जाहीर करून टाकलं की दशरथाच्या हाताला यश आहे.

असली गोष्ट गल्लीत पसरायला काय वेळ लागतो? चंद्रप्रकाशनं ऐकलं, त्यानं बोलावलं. सरूबाईनं ऐकलं, तिनंही बोलावलं. दिवसाची पहिली विक्री ह्यांच्या हातानं झाल्याशिवाय कुणी दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल देईना. लोक रांगेत उभे असले तरी "थांबा, दशरथदादा येऊ दे." आणि बोहनीचेही नियम होते. नाणं ह्यांनी द्यायचं, दुकानदारानं ते कपाळाला लावायचं. आणि बोहनीचा माल कागदात बांधून न्यायचा नाही, लक्ष्मी पाठ फिरवते. तिथंच, दुकानासमोर, गरमागरम खायचा. अर्धा टाकायचा तर मुळीच नाही.

म्हणजे सकाळी जिलेबी नि कचोरी, मग वडा, संध्याकाळी तळलेले बोंबील. मध्ये कुणी नवीन तेल ओतलं की "दादा, चाखून बघा." शिवाय घरी माझं जेवण होतंच, ते काही चुकत नव्हतं. साच्यावर आठ तास उभं राहणारा माणूस आता गल्लीतल्या बाकावर आठ तास बसायला लागला आणि वर हे खाणं. आधी सदऱ्याचं बटण लागेना, मग लेंग्याची नाडी पुरेना. लोक कौतुकानं म्हणायचे, "दशरथभाऊंची तब्येत झकास झालीय." आमच्यात पोट सुटलं की तब्येत झाली म्हणतात. मलाही आधी बरंच वाटलं. संपात उपाशी राहिलेला माणूस अंगानं भरला तर कुठल्या बायकोला वाईट वाटेल?

मग एके दिवशी ते पायऱ्या चढताना मध्येच बसले. घामानं भिजलेले, तोंड राखेसारखं, छातीवर हात. शेजाऱ्यांनी धरून वर आणलं. थोड्या वेळानं उठून बसले आणि म्हणाले, "गॅस आहे." त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मी खालच्या सोसायटीत दोन घरी पोळी-भाजी करते. तिथं पोळी तव्यावर टाकायची आणि खिडकीशी जाऊन गल्लीकडे बघायचं, असं माझं सुरू झालं. पोळ्या करपायला लागल्या. एकदा मालकीणबाई म्हणाल्या, "विमल, लक्ष कुठंय तुझं?" मी काय सांगणार? माझं लक्ष कचोरीत होतं.

पालिकेच्या दवाखान्यात वनमाला परुळेकर म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. वय लहान, आवाज मोठा. त्यांनी तेव्हा चाळीतल्या गणपती मंडळाच्या खोलीत वजनाचा काटा आणून ठेवला होता आणि येईल त्याला त्यावर चढवत होत्या. मी ह्यांना जवळजवळ ओढत नेलं. काटा बघून बाईंनी छातीला नळी लावली, दंडाला पट्टा बांधला आणि सरळ म्हणाल्या, "दशरथराव, तुमच्या हृदयावर भार आहे. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. वजन उतरवलं नाहीत तर पुढच्या वेळी पायरीवर बसाल ते उठणार नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "चढा." मी म्हटलं, मला काय झालंय? तरी चढवलंच. काटा जेमतेम हलला. "तुम्ही काय खाता?"

"उरेल ते."

त्यांनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि मलाही रक्त वाढायच्या लाल गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर मी स्पष्ट सांगितलं, "उद्यापासून बोहनी बंद."

"एका वड्यानं कोण मरतो गं?"

"एक वडा? नि जिलेबी कोण खातं, कचोरी कोण खातं? संध्याकाळचे बोंबील काय मांजर खातं?"

ह्यांनी तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "विमल, वीस वर्षं गिरणीत घातली. गेट बंद झालं तेव्हा कुणी नाव पण नाही विचारलं. इथं माझ्याशिवाय गल्लीत चूल पेटत नाही. ते पण बंद करू?"

मला राग आला, कारण ते खरं बोलत होते. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

मी अनंताकडे गेले. तो कानाला हात लावून म्हणाला, "वयनी, जीव मागा, पण दशरथाचा हात मागू नका." चंद्रप्रकाश म्हणाला, "भाभी, दादा आया नहीं तो उस दिन का धंदा बैठ गया समझो." माझ्या नवऱ्याच्या छातीवर तिघांची चूल पेटत होती आणि मी नको म्हणायचं तरी कुणाला? अनंताच्या घरात तीन पोरं होती. मी उठले आणि तडक दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी बोहनीची सगळी कथा ऐकली. आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी रोग्यांना समजावत बसले. ज्यांच्या कढईतून रोग येतो त्यांना कधी बोलावलंच नाही." रविवारी दुपारी त्यांनी तिन्ही ठेलेवाल्यांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. हे मात्र आले नाहीत. "माझ्या मयताची सभा, मी कशाला येऊ?" म्हणाले आणि पांघरूण घेऊन पडले.

अनंता आल्या आल्या तापला. "बाई, इथं लोकांना खायला नाय मिळत आणि तुम्ही जाडेपणाचं काय सांगताय? रेल्वेच्या पलीकडं जावा. बंगल्यात शेट लोक बसलेत, त्यांना सांगा."

"ते पैसे खर्चून बारीक होतील," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या गल्लीतली वजनं घेतली आहेत. पुरुष घरी बसलेत, बायका पापड लाटत बसल्यात. भूक लागली की वडापाव आणि चहा, कारण तेच स्वस्त. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, माणूस नुसता फुगतो. मग दम लागतो, गुडघे जातात, साखर वाढते. गल्ली जे विकते तेच गल्ली खाते. मग मी दवाखान्यात बसून औषध देऊ कुणाला?"

चंद्रप्रकाश म्हणाला, "पर बाई, जिलेबी फिकी कशी बनवू? वो तो फिर जिलेबीच नाय ना."

"फिकी नको. लहान कर. आणि सोबत ताक ठेव."

बराच वेळ वाद झाला. पण मी बघत होते, माणसं वाईट नव्हती. अनंतानं कबूल केलं की कालचं तेल आज वापरायचं नाही आणि गाडीवर मटकीची उसळही ठेवायची. चंद्रप्रकाश ताकाला तयार झाला. सरूबाई म्हणाली, "माझं काय, मी तव्यावर भाजते मांदेली. तेल वाचलं तर माझंच वाचलं." सगळं सरळ झालं आणि हत्ती जाऊन शेपूट अडकलं, ते बोहनीपाशी. उसळीची बोहनी करा म्हटलं तर अनंता म्हणाला, "वडेवाल्याची बोहनी वड्याचीच. उसळीची केली तर उसळच खपेल." बोहनी करून वडा खाऊ नका म्हटलं तर लक्ष्मी परत जाते. बाई कपाळाला हात लावून बसल्या. मी तर रडायच्या बेतात होते. इतकं सगळं होऊन माझ्या पदरात काय पडलं? मटकीची उसळ!

तेव्हा सरूबाई बोलली. ती नेहमी सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलायची. "काय गो बाय, तुमच्यात पूजेला नवरा बसतो तवा बायको काय करते?"

"त्याच्या हाताला हात लावते."

"आणि पुण्य?"

"दोघांना."

"मग पुण्य पोचतं तर वडा नाय पोचणार? त्यानं नाणं द्यायचं, तू हाताला हात लावायचा आणि खायचं तू."

अनंता डोकं खाजवत म्हणाला, "शास्त्रात बसतां तां." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, वरून खालपर्यंत, आणि म्हणाल्या, "माझ्याही शास्त्रात बसतं."

ह्यांना पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. गल्ली त्यांच्याशिवाय उघडणार नव्हती, एवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जोडीनं उतरलो. ह्यांनी नाणं पुढे केलं, मी त्यांच्या कोपराला हात लावला, अनंतानं वडा माझ्या हातावर ठेवला. मी गाडीकडे पाठ केली, पदर तोंडापुढे धरला आणि खाल्ला.

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कढईतून निघालेलं पहिलं काही माझ्या तोंडात गेलं नव्हतं. आधी सासरे, मग दीर, मग हे, मग मुलगी, मग आला-गेला. माझ्या वाटणीला गार झालेलं आणि तुकडा पडलेलं. आता रोज सकाळी गल्लीतला पहिला घास माझा होता. मला लाज वाटायची आणि सकाळ कधी होते असंही व्हायचं.

दिवस बरे चालले. अनंतानं वडा लहान केला तर लोक दोन खायला लागले, म्हणून तो परत मोठा करावा लागला, पण उसळ खपायला लागली. बायका ताक प्यायला थांबू लागल्या. ह्यांचं पोट उतरलं. पायऱ्या चढताना एकदाही न बसता वर येऊ लागले. कांजूरमार्गला दिलेली लेक आली ती म्हणाली, "बाबा, तुम्ही लग्नातल्या फोटोसारखे दिसताय." माझ्या हाताला काम करायची ताकद आली, बांगड्या वर चढेनात. डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना काट्यावर चढवायच्या आणि एकट्याच हसायच्या. तरी मला चैन नव्हतं. सगळं नीट चाललं की मला धास्ती वाटते. गिरणीचं बोनस वाटप झालं आणि पुढच्या साली गेट बंद झालं, तेव्हापासून ही सवय लागलीय.

आणि झालंही तसंच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

गल्लीत हळूहळू बोलणं फिरायला लागलं. वहिनी हात लावायला लागली तेव्हापासून धंदा वाढलाय. एवढे दिवस वड्याला अशी रांग नव्हती. उसळीला गिऱ्हाईक कुणाच्या पायगुणानं आलं? चंद्रप्रकाश मला बघून हात जोडायला लागला, ह्यांना नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ह्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मोठ्यानं बोलायचे, भलतंच काहीतरी बोलायचे. पण कान काय फक्त मलाच होते?

एका सकाळी नळाला पाणी लवकर आलं म्हणून मी कळशी घेऊन आधीच खाली उतरले. हे दाढी करत होते, मागून येणार होते. गाडीपाशी रांग लागली होती. अनंतानं मला बघितलं आणि हाक मारली, "वयनी, या, या, आटपा. लोक कामाला निघालेत."

"हे येतायत ना."

"ते येतील गो सावकाश. तुम्ही हात लावलात की झालं. यश तुमच्याच हाताला आसा, सगळ्यांका ठावक आसा."

माझ्या कमरेला सुटे पैसे होते. मागे उभी असलेली माणसं चुळबुळत होती, कुणीतरी "चला हो ताई" म्हणालं. मी नाणं दिलं. अनंतानं ते कपाळाला लावलं. मी वडा तोंडात घातला आणि वर बघितलं, तर पायऱ्यांच्या खालच्या वळणावर हे उभे होते. ताजी दाढी केलेली, कपाळाला गंध, मुठीत नाणं. त्यांनी मूठ खिशात घातली आणि माघारी वळले. हळूहळू वर गेले. मधे कुठेही बसले नाहीत.

त्या दिवसापासून हे खाली उतरले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भाकरीचा चतकोर खायचे, कधी तोही नाही. गोळ्या उशाखाली सापडायला लागल्या. मी विचारलं की म्हणायचे, "मला काही झालेलं नाही." डॉक्टरीणबाई वर येऊन गेल्या. वजन भराभर उतरलं होतं. ते बघून त्या आधी खूश झाल्या, मग त्यांनी ह्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि दाराबाहेर येऊन मला म्हणाल्या, "मला असं उतरलेलं नको होतं, विमलताई. हा माणूस जगायचं सोडतोय. यावर माझ्याकडे गोळी नाही."

तेवढ्या दिवसांत बोहनी मीच करत होते. करायला नको होती, हे मला कळत होतं. पण अनंता दारात येऊन उभा राहायचा, आणि पोटावर पाय देणारी मी कोण? एक-एक घास मला विषासारखा लागायचा. रात्री अंथरुणात मी कुशी बदलत पडायचे आणि ऐकायचे, ह्यांचा श्वास चालू आहे ना.

मग एका सकाळी माझं डोकंच फिरलं. अनंतानं वडा पुढे केला आणि मी हात मागे घेतला.

"माझ्या हाताला यशबिश काही नाही. मी नाही करणार बोहनी."

"वयनी, तेल तापलंय."

"तापू दे."

"गिऱ्हाईक उभं आहे. काय परत पाठवू?"

"पाठव! नाहीतर वर जा आणि ज्याचा हात आहे त्याला आण."

"दोनदा जाऊन इलंय," अनंता खाली बघत म्हणाला. "माझ्याकडं बघत पण नाय तो."

मी पायऱ्या चढले. मला कसला दम लागत नव्हता, रागानं जीव नुसता फुटत होता. दार ढकललं. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"उठा. अनंताची बोहनी व्हायचीय."

"तुझा हात आहे ना आता. जा."

"माझा हात?" मी ओरडले. चाळीतल्या बायका दारात आल्या असणार, येऊ देत. "ह्या हातानं जन्मभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटल्या. यश असतं तर एक तरी गरम पोळी आधी स्वतःच्या ताटात घातली असती! कुणाला सांगताय माझा हात? मी काय तुमच्यापासून काही चोरलंय?"

ते उठून बसले. किती वाळले होते! गळ्याची कातडी लोंबत होती. म्हणाले, "मला कशाला जगवतेस गं? नुसतं बसायला?"

"हो, बसायला! माझ्यासमोर बसायला. मला तेवढं पुरे आहे. तुम्हाला पुरत नसेल तर तो तुमचा प्रश्न."

खालून कुणीतरी अनंताच्या नावानं ओरडत होतं.

"खाऊ देशील?" त्यांनी विचारलं. "वडा. माझ्या हातच्या बोहनीचा, मी."

डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या कानात होते, पायरीवर बसाल ते उठणार नाही. पण हा माणूस पायरीपर्यंतसुद्धा जात नव्हता. मी म्हटलं, "खा. मरायचं असेल तर खा. मी आड येणार नाही. पण खाली येऊन, माणसांत उभं राहून खा."

त्यांनी तोंड धुतलं, सदरा घातला. मी पुढे, ते मागे. ते कठड्याला धरून उतरत होते आणि मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. गाडीपाशी रांग तशीच होती. आम्हाला बघून सगळे बाजूला सरले. ह्यांनी खिशातून नाणं काढून अनंताच्या हातावर ठेवलं. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले. कोपराला लावायला पुढे केले नाहीत. मी शब्द दिला होता.

अनंतानं घाण्यातला पहिला वडा कागदावर ठेवून ह्यांना दिला. हे वड्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांनी तो वास, ते कुरकुरीत पीठ. माझ्या मनात एकच चाललं होतं, देवा, खाऊ देऊ नको, देवा, देऊ नको.

त्यांनी वडा मोडला. त्यातून वाफ निघाली. एका तुकड्यावर फुंकर घातली आणि हात माझ्या तोंडापुढे आणला.

"आ कर."

भर गल्लीत! सकाळच्या वेळी, एवढ्या माणसांसमोर! लग्नात पाच मिनिटं घास भरवला असेल तेवढाच, नंतर कधी नाही. रांगेतून कुणीतरी शिट्टी घातली, कुणीतरी ओरडलं, "वहिनी, नाव घ्या!" माझं तोंड भरलेलं, काय नाव घेणार कपाळ! त्यांनी दुसरा घास दिला. "सावकाश. चटका बसेल." मी डोळे मिटून गिळला. तिसरा घास हातात धरून मात्र ते थांबले. मी डोळे उघडले. ते त्या तुकड्याकडे बघत होते. अनंता बघत होता, सगळी गल्ली बघत होती. मी मान फिरवली, कारण मला ते बघवेना.

मग माझ्या ओठांना गरम वडा लागला.

अनंतानं नाणं कपाळाला लावलं, झारा कढईत घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "चला, दशरथदादाची बोहनी झाली, पुढं या." रांग हलली. ह्यांनी बोटाला चिकटलेलं पीठ हळूच चाटलं. मी ते बघितलं. मग त्यांनी हात माझ्या पदराला पुसला.